सैन्य परतते, सहकारी मागे राहतात



परभूमीवरील सैन्य माघारी बोलवावे की नाही, असा वाद उभा राहिला की दोन हिशेब मांडले जातात : किती जवान गमावले आणि किती पैसा खर्ची पडला. तिसरा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. त्या सैन्याच्या भरवशावर जी स्थानिक माणसे उघडपणे त्याच्या बाजूने उभी राहिली, त्यांचे पुढे काय झाले? याचे उत्तर शोधण्यासाठी भारतीयांनी सायगाव वा काबूलपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. ते शेजारच्या श्रीलंकेतच आहे.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी व जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. शांतता राखण्यासाठी गेलेल्या या सेनेला ऑक्टोबरमध्येच लिट्टेशी युद्ध करावे लागले. सुमारे १,२०० जवान धारातीर्थी पडले. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे त्यांतलेच. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र प्रदान करण्यात आले.

करारानुसार १९८८ च्या अखेरीस उत्तर-पूर्व प्रांताची निवडणूक झाली व ईपीआरएलएफ या तमिळ पक्षाचे वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. बंदुकीऐवजी मतपेटीचा मार्ग पत्करणाऱ्या या पक्षाचा आधार होता भारत!

१९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी शांतिसेनेने निघून जावे, अशी मागणी केली. माघारीच्या बाजूचा युक्तिवाद दुबळा नव्हता. सार्वभौम देशाचे सरकार नको म्हणत असताना तेथे सैन्य कोणत्या अधिकाराने ठेवायचे? तमिळनाडूतील जनभावनाही विरोधात होती. परंतु त्याच वेळी प्रेमदासांचे सरकार लिट्टेशी बोलणी करीत होते, तिला शस्त्रेही पुरवीत होते. म्हणजे खरा प्रश्न ‘जावे की राहावे’ एवढाच नव्हता. ‘कोणाच्या हाती सोपवून जावे’ हा होता. त्याचे उत्तर न मिळताच तारीख ठरली.

मागे राहणाऱ्या सहकाऱ्यांसाठी घाईघाईने ‘तमिळ राष्ट्रीय सेना’ उभारली गेली. तिच्यात अनेक तरुण सक्तीने भरती केलेले होते. शांतिसेना जसजशी मागे हटली, तसतशी लिट्टेने ती मोडून काढली. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. पेरुमल यांना भारतात आश्रय घ्यावा लागला. १९ जून १९९० रोजी त्यांच्या पक्षाचे नेते पद्मनाभ यांची सहकाऱ्यांसह हत्या झाली, आणि तीही भारताच्याच भूमीवर, मद्रासमध्ये! त्याच महिन्यात लिट्टेने श्रीलंकेशी पुन्हा युद्ध पुकारून शरण आलेल्या शेकडो पोलिसांना ठार केले. २१ मे १९९१ रोजी राजीव गांधी आणि १ मे १९९३ रोजी स्वतः प्रेमदासा लिट्टेच्या मानवी बॉम्बला बळी पडले.

अमेरिकेने १९७३ मध्ये पॅरिसचा करार दक्षिण व्हिएतनामच्या गळी उतरवला. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. २०२० च्या दोहा करारात अफगाण सरकारला स्थानच नव्हते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये शिरले.

कोणतेही सैन्य परभूमीवर कायम राहू शकत नाही, राहूही नये. म्हणूनच परतीचा विचार पाऊल टाकण्यापूर्वी करावयाचा असतो. सहकाऱ्याला वगळून त्याच्या शत्रूशी सौदा होऊ न देणे, स्वतःच्या पायांवर उभे राहण्यास त्याला पुरेसा अवधी देणे आणि ते अशक्य ठरल्यास त्याला सुरक्षित आश्रय देणे, हे त्या विचाराचे किमान घटक होत. शब्द देऊन सहकारी मिळवणाऱ्या राष्ट्राने हे न पाळल्यास, पुढच्या संकटात त्याच्या शब्दावर कोण विसंबेल?