आम्लपित्त आणि आपली दिनचर्या



या व्यासपीठावर काल ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले आणि उद्या मराठ्यांच्या आरमारावर व्हायचे आहे. या दोन थोर विषयांच्या मध्ये चिटणिसांनी मला आंबट ढेकरांवर बोलायला उभे केले आहे. मी त्यांना म्हटलेही, की अशा विषयाला लोक येतील का? ते म्हणाले, "डॉक्टर, आपल्या गावात ज्ञानेश्वरी समग्र वाचलेली माणसे थोडी असतील, पण पाण्यात सोडा घालून प्यायला नाही असा मनुष्य शोधून सापडायचा नाही." समोरची गर्दी पाहता त्यांचे म्हणणे खरे असावे.

प्रथम शब्दाचा घोटाळा निस्तरला पाहिजे. आपण 'पित्त झाले' म्हणतो ते किती निरनिराळ्या गोष्टींना! अर्धे डोके दुखून ओकारी झाली की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त आणि छातीत जळजळून घशाशी आंबट आले की तेही पित्तच. वास्तविक या तिन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. अर्धशिशीत ओकारी होते ती डोकेदुखीमुळे. ओकारी अडली म्हणून डोके दुखत नसते. गांधी हा बहुधा त्वचेचा विकार असतो. आणि ज्याला वैद्यकात पित्तरस म्हणतात तो यकृतात तयार होतो, त्याची चव कडू असते. घशाशी येते ते आंबट असते, कारण ते जठरातले आम्ल असते. हे आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल होय, हे १८२४ साली विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने सिद्ध केले. आपल्याकडे माधवनिदानात आम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात 'ऊर्ध्वग' म्हणजे वर चढणारे आणि 'अधोग' म्हणजे खाली जाणारे असा भेद केला आहे. आजचा विषय त्यातल्या वर चढण्याचा आहे.

आता, हे आम्ल वर का चढते? पुष्कळांची समजूत अशी, की ज्याला जळजळ होते त्याच्या पोटात आम्ल फार तयार होते. बहुतेक रोग्यांच्या बाबतीत हे खरे नाही. त्यांचे आम्ल तुमच्याआमच्याइतकेच असते. ते नको त्या जागी गेलेले असते, एवढेच. जठराच्या आतल्या अस्तराला आम्ल सोसण्याची सोय निसर्गाने करून ठेवली आहे, अन्ननलिकेच्या अस्तराला तशी केलेली नाही. दोहोंच्या सांध्यावर स्नायूंचे एक कडे असते. त्याला आपण सोयीसाठी झडप म्हणू. घास गिळला की ही झडप उघडते आणि लगेच मिटते. पण अधूनमधून ती घास नसतानाही उघडते. का? तर पोटातली हवा ढेकरेच्या रूपाने बाहेर जावी म्हणून. ही सोय मुळात चांगलीच आहे. परंतु पोट तुडुंब भरून ताणले गेले, की झडप वारंवार उघडू लागते आणि हवेबरोबर आम्लही वर येते. त्यात आणखी एक गंमत अशी, की जेवणानंतर अन्नात मिसळून आम्ल सौम्य होत असले, तरी ताज्या आम्लाचा एक थर अन्नाच्या वर, नेमका झडपेच्या खाली साचून राहतो. म्हणजे झडप सर्वांत जास्त उघडण्याची वेळ आणि आम्ल तिच्या दाराशी उभे असण्याची वेळ एकच!

एवढे ध्यानात घेतले म्हणजे आहाराचा प्रश्न निराळा दिसू लागतो. माझ्याकडे येणारा रोगी पहिला प्रश्न विचारतो तो, "डॉक्टर, काय वर्ज्य करू?" आणि मी काही बोलण्याआधीच त्याने तूरडाळ, वांगे, टोमॅटो, लिंबू, हिरवी मिरची सोडून दिलेली असते. मी त्याला विचारतो, "रात्री जेवता किती वाजता आणि निजता किती वाजता?" तो म्हणतो, "दुकान वाढवून घरी यायला साडेनऊ. दहाला जेवण, साडेदहाला अंथरूण." मग बिचाऱ्या वांग्याचा काय अपराध? भरल्या पोटी आडवे झाले, की जे आम्ल गुरुत्वाकर्षणाने खाली राहिले असते ते सपाटीवर पसरते. झोपेत आपण थुंकी फारशी गिळत नाही, त्यामुळे वर आलेले आम्ल धुऊनही जात नाही. जेवण आणि झोप यांत तीन तास गेले पाहिजेत, हे पथ्य मी तूरडाळीच्या कितीतरी आधी सांगतो. दुकानदाराला ते अशक्य वाटते. पण संध्याकाळी सहाला दुकानात जो वडापाव मागवता, त्या वेळी घरून डबा मागवून पोळीभाजी खा आणि रात्री घरी गेल्यावर थोडा ताकभात घ्या, इतका बदल कित्येकांना जमला आहे.

पदार्थांचा काहीच संबंध नाही असे मात्र मी म्हणत नाही. तळलेले आणि तुपातेलाचे अन्न पोटात फार वेळ रेंगाळते. तंबाखू झडपेला ढिले करते, पेपरमिंटही करते. म्हणून जड जेवणावर थंडगार मसाल्याचे विडे खाण्याची पद्धत जळजळ असणाऱ्याने सोडलेली बरी. चहा एकाला बाधतो, दुसऱ्याला बाधत नाही. सकाळच्या रिकाम्या पोटी चहाने ज्याला त्रास होतो त्याने काहीतरी खाऊन मग तो घ्यावा. ज्याला त्याला आपला शत्रू स्वतः ओळखावा लागतो. शेजाऱ्याला मिसळ बाधली म्हणून आपण ती सोडण्याचे कारण नाही. आमच्या उपासांविषयी मात्र बोलले पाहिजे. दिवसभर चहावर राहायचे आणि रात्री साबुदाण्याची खिचडी, तीत दाण्याचे भरपूर कूट आणि तूप, वर बटाट्याचा कीस! उपासाने पित्त होते अशी तक्रार करणाऱ्यांनी ते उपासाने होते की उपास सोडण्याने, याचा शोध घ्यावा. आणि लग्नाच्या पंगतीतला आग्रह? ज्याला जिलबी वाढतो आहोत त्याची झडप आपण ताणतो आहोत, एवढे वाढणाऱ्याने मनात आणले तरी पुष्कळ होईल.

आता एका जुन्या शब्दाकडे वळतो. दुपारच्या झोपेला आपण वामकुक्षी म्हणतो. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. झोपेला हे नाव कोणी दिले ठाऊक नाही, पण देणाऱ्याने बाजू अचूक निवडली. जठराची मोठी पिशवी शरीराच्या डाव्या अंगाला असते. डाव्या कुशीवर निजले, की ही पिशवी झडपेच्या खालच्या पातळीवर येते आणि आम्ल तिच्यात साचून राहते. उजव्या कुशीवर निजले की आम्लाच्या तळ्यात झडप बुडते. २०२२ साली ॲमस्टरडॅममध्ये या विकाराच्या रोग्यांची झोपेत तपासणी केली गेली. वर आलेले आम्ल अन्ननलिकेतून निघून जायला डाव्या कुशीवर सुमारे ३५ सेकंद लागत होते, उताणे असता ७६ आणि उजव्या कुशीवर ९०. अर्थात याचा अर्थ जेवल्याबरोबर डावीकडे कलंडावे असा कोणी घेऊ नये! निजायचेच तेव्हा डावीकडे, इतकेच. शिवाय पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे घालून ती बाजू सहा ते आठ इंच उंच करावी. नुसत्या उशा वाढवून काम होत नाही; उशांनी मान आणि कंबर वाकते, पोटावर दाब येतो आणि तक्रार वाढते. जमिनीवर निजणाऱ्याने गादीच्या वरच्या अर्ध्या भागाखाली घडी घालून उतार करावा.

वजनाची गोष्ट कोणाला आवडत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. पोटावरची चरबी जठराला बाहेरून दाबते. धोतराची किंवा परकराची गाठ, पँटीचा पट्टा आवळला तर तोही दाबतो. अमेरिकेत परिचारिकांची एक प्रदीर्घ पाहणी चालू आहे. तिच्या २००६ सालच्या निष्कर्षात असे दिसले, की ज्यांचे वजन पाच फूट उंचीच्या बाईच्या हिशेबाने आठेक किलोंहून अधिक वाढले, त्यांच्यात वारंवार जळजळ होण्याचा संभव पावणेतीनपट होता. आणि मुळात सडपातळ असणाऱ्यांनाही वजन वाढल्यावर त्रास सुरू झालेला आढळला. त्याच पाहणीतला २०२१ सालचा हिशेब असा, की बेताचे वजन, धूम्रपान नाही, रोज अर्धा तास व्यायाम, चहा-कॉफी-सोडा मिळून दोन कपांच्या आत आणि नेमस्त आहार, या पाचही गोष्टी पाळल्या तर शेकडा ३७ जणींची जळजळ टळू शकेल. शंभरातल्या ३७. उरलेल्या ६३ जणींचे काय, हा प्रश्न राहतोच. गर्भारपणात किंवा झडपेची जागा सरकल्यावर कितीही पथ्य केले तरी त्रास होतो. तो रोग्याचा दोष नव्हे आणि तेव्हा औषध घेण्यात कमीपणाही नाही.

औषधांविषयी माझे भांडण आहे ते निराळेच. सोड्याने आम्ल मरते, पण वायू तयार होऊन पोट फुगते, म्हणजे झडप पुन्हा ताणली जाते. रक्तदाबाच्या माणसाला त्यातले क्षार वाईट ते वेगळेच. रोज सकाळी घ्यायच्या ज्या आम्लरोधक गोळ्या १९८८ पासून आल्या, त्या खरोखर गुणकारी आहेत. अन्ननलिकेला जखमा झालेल्या रोग्यांचे त्यांनी कल्याण केले आहे. परंतु त्या वाण्याच्या यादीत साखरेबरोबर लिहायच्या नाहीत. २००९ साली डेन्मार्कमध्ये मुळीच जळजळ नसलेल्या निरोगी माणसांना आठ आठवडे अशी गोळी देऊन मग बंद केली, तेव्हा शेकडा ४४ जणांना आम्लाचा त्रास होऊ लागला. खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ होते. दाबलेले आम्ल उसळी घेते. मग मनुष्य समजतो, गोळीवाचून आपले चालत नाही. गोळी सोडायची तर डॉक्टरला विचारून हळूहळू सोडावी.

शेवटी एक गोष्ट, जी सांगण्यासाठी मी खरे तर हे निमंत्रण स्वीकारले. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत एक शिक्षक संध्याकाळी माझ्याकडे आले. छातीच्या मध्यभागी जळजळ आणि जडपणा, थोडा घाम. आदल्या दिवशी बारशाचे जेवण झाले होते. ते म्हणाले, "पित्त आहे." मीही म्हटले, पित्त आहे. आम्लावरचे पांढरे औषध दिले. त्यांना एक मोठी ढेकर आली आणि बरे वाटले. आम्ही दोघेही समाधान पावलो. पहाटे त्यांचा मुलगा मला न्यायला आला आणि मी जाऊन पोचण्यापूर्वीच सर्व संपले होते. तो हृदयविकार होता. हृदय आणि अन्ननलिका यांच्या वेदना मेंदूला एकाच वाटेने कळतात, त्यामुळे आतून दोन्ही सारख्याच भासू शकतात. सोड्याने किंवा ढेकरेने बरे वाटले म्हणून हृदय ठीक आहे असे मुळीच सिद्ध होत नाही. छातीत जडपणा, घाम, दम, जबड्यात किंवा हातात कळ, जिना चढताना वाढणारी जळजळ. यांपैकी काही असेल, विशेषतः चाळिशीनंतर आणि मधुमेह असेल, तर आधी हृदयाचा आलेख काढून घ्यावा, मग पित्ताचा विचार करावा. स्त्रियांत आणि मधुमेही माणसांत कधीकधी दुखणे फारसे जाणवतही नाही, नुसती मळमळ आणि थकवा असतो.

तसेच घास अडकणे, कारण नसता वजन उतरणे, डांबरासारखी काळी शौचास होणे, रक्ताची ओकारी. यांत एक दिवसही घरगुती उपाय करू नयेत. वर्षानुवर्षे जळजळ असेल, तर एकदा दुर्बिणीतून तपासणी करावी की कसे, हे डॉक्टरांना विचारावे. काही थोड्या रोग्यांत अन्ननलिकेचे अस्तर बदलत जाते आणि त्यातून पुढे कर्करोग संभवतो. ते वेळीच दिसले तर उपाय आहेत.

चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत. सव्वाआठ झाले. आपण घरी जाऊन नऊला पानावर बसाल, म्हणजे माझ्या हिशेबाने बारापूर्वी कोणीच आडवे व्हायचे नाही. पुढच्या वर्षी व्याख्यान साडेपाचला ठेवता येते का, हे अध्यक्षांनी पाहावे.