शेतातून गॅसची पाइपलाइन जाणार असेल तर

पाइपलाइनची मोजणी करणारे गावात आले की आमच्या गटाच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, "आता आपली जमीन गेली का हो?"

जमीन जात नाही. १९६२ च्या पाइपलाइन कायद्यानं सरकार फक्त वापराचा हक्क घेतं. मालकी आपलीच राहते. पाइप पुरल्यावर वर ज्वारी, हरभरा घेता येतो. पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर किंवा शेततळं खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. दोन एकरवालीला हे जड जातं. म्हणून आधी नकाशा बघायचा. पट्टा विहिरीच्या जागेवरून जात असेल, तर अधिसूचनेपासून २१ दिवसांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यायची. बांधाच्या कडेनं न्या, असं स्पष्ट मागायचं. पोच घ्यायची.

पैसे दोन प्रकारचे. वापराच्या हक्कापोटी त्या पट्ट्याच्या बाजारभावाच्या १० टक्के, आणि पीक, झाडं यांच्या नुकसानीचे वेगळे. खोदाईआधी झाडं मोजा, फोटो काढा, पंचनामा वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा करू नका. रक्कम पटली नाही, तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

सातबाऱ्यावर नाव नसलं की नोटीस बाईपर्यंत पोचतच नाही. वारसनोंद राहिली असेल तर या आठवड्यात तलाठ्याकडे अर्ज देऊ या. एकटीनं जायचं नाही, गटानं मिळून जाऊ.