मागचा दिवा

(वस्तीतल्या वाचनालयात रविवारी बोललो, ते आठवून लिहून काढलंय. दोन शिव्या गाळल्यात. बाकी जसंच्या तसं.)



मला कवितेवर बोलायला बोलावलंय. गोदीतला कंत्राटी कामगार, दहावी पास, आणि हा कविता कशी काय करतो बुवा, असा तुमचा प्रश्न असणार. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. रात्रपाळीत पोलादाच्या कॉइलींना साखळदंड अडकवायचे, सकाळी खोलीवर येऊन अंग धुवायचं, झोप नाही आली तर लिहायचं. संपली आमची साहित्यिक जडणघडण. तेव्हा कविता राहू द्या. मी आज माझ्या मामाबद्दल बोलणार आहे.

मामा कविता वाचत नाही. तो ट्रॅक्टरच्या वायरी जोडतो.

बीड जिल्ह्यात माजलगावच्या अलीकडं आमचं आजोळ. मामा चौथी शिकलेला. पोरसवदा असताना तालुक्याला एका बॅटरीवाल्याकडं झाडू मारायला राहिला. झाडता झाडता बघायचा. उस्ताद चांगला होता, जात विचारली नाही, पाना हातात दिला. दहा वर्षांनी मामा गावी परतला. दुकान टाकायला जागा कुणी देईना. गावात जागा कुणाच्या आणि ओटे कुणाचे, ते तुम्हाला सांगायला नको. मग त्यानं दुकान सायकलवर टाकलं. पुढं लुना आली, आता जुनी सीडी शंभर आहे. मागं पत्र्याची पेटी. तिच्यात पाने, पक्कड, डाग द्यायचा कैय्या, कार्बन, फ्यूज, बल्ब, वायरीची भेंडोळी, काचेच्या नळीचा हायड्रोमीटर आणि डिस्टिल्ड वॉटरचा कॅन. आजूबाजूची आठ-दहा गावं. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो, मळणीयंत्राचं इंजिन, जे जिथं बंद पडलं तिथं मामा जातो. शेतात, ओढ्यात, कॅनॉलच्या कडंला. गाडी मिस्तरीकडं आणायची नाही, मिस्तरीच गाडीकडं येतो.

दिवाळीआधीचा महिना त्याच्या खऱ्या सुगीचा. कारण तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमानं उचल वाटलेली असते, कोयते ठरलेले असतात, आणि ज्या ट्रॅक्टरांनी त्यांना सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात न्यायचं, ते ट्रॅक्टर पावसाळाभर लिंबाखाली उभे. सेल्फ मारला की नुसतं 'टक' वाजतं. झाली मिस्तरीची शोधाशोध सुरू.

बॅटरीचं मी त्याच्याकडून शिकलो ते सांगतो. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरं असतात. एकेक घर दोन व्होल्ट आणि वर थोडं. भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. १२ वर उतरली म्हणजे ती जवळपास रिकामी, आणि तसंच महिनोन्‌महिने ठेवली की आतल्या प्लेटांवर पांढरा थर चढतो. मग ती चार्जिंगही धड घेत नाही. मालक लोक काय करतात, पाणी कमी झालं की विहिरीचं पाणी ओततात. विहिरीच्या पाण्यात क्षार. मेली बॅटरी. मग कंपनीला शिव्या. मामा शांतपणे सांगतो, "मालक, हिला आपलं पाणी चालत न्हाई." हे वाक्य तो मुद्दाम तसं बोलतो की काय, मला अजून कळलेलं नाही. विचारलं तर हसतो.

बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी सोडायची, बसवताना शेवटी लावायची. उलटं केलं तर पाना बॉडीला टेकतो आणि ठिणगी उडते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ बिडी नाही. पाटील असो की पाटलाचा बाप, मामा बिडी विझवायला लावतो. अख्ख्या गावात पाटलाला बिडी विझव म्हणणारा हा एकच महार.

तर ह्या माणसावर गावाचा विश्वास आहे. आहेच. मी खोटं बोलणार नाही. रात्री दोनला फोन येतो, "मिस्तरी, ये लवकर." किल्ली त्याच्या हातात देऊन मालक झोपायला जातो. का? तर मामा फसवत नाही. सेल्फ उघडला तर मालकाला जवळ बसवतो, झिजलेला कार्बन हातात देतो. 'आर्मेचर जळालं' असं तोंडानं सांगत नाही, दाखवतो. जुना माल परत करतो. वीस रुपयांच्या लगनं काम होत असेल तर नवी बॅटरी घ्यायला लावत नाही.

आता चहा. पूर्वी मामाला कानतुटका कप असायचा, गोठ्याच्या खिळ्याला टांगलेला. आता कागदी कप आलेत. मिस्तरीला कागदी कप, ड्रायव्हरला कागदी कप, कुणाला काही बोलायला जागा नाही. फक्त मालक स्टीलच्या पेल्यात पितो.

माझा आज्या येसकर होता. हाक आली की जायचं. दिवस नाही, रात्र नाही, नाही म्हणायची सोय नाही, आणि सांजच्याला दारोदार भाकरी मागायची. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं, ते ह्याच राबणुकीविरुद्ध. बलुत्याच्या जागी रोख मोबदला बांधून द्या, ही त्यातली एक मागणी. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा, तिथं त्या कौन्सिलचं काही चालत नव्हतं. पण काठी तीच, हाकही तीच.

मग मला प्रश्न पडायचा. आज्याला हाक यायची, मामाला फोन येतो. काठीच्या जागी मल्टिमीटर आला, एवढाच फरक का? मी एकदा हे तोंडावर विचारलं. शहरात चार पुस्तकं वाचून गेलो होतो, माज होता. मामानं पेटीचं झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं दर लिहिलेले. यायचे इतके, रात्रीचे इतके, सेल्फ खोलायचे इतके. म्हणाला, "आज्याच्या काठीवर दर लिव्हल्याला व्हता का?" मालक लोक अजूनही म्हणतात, सुगी झाली की पोतंभर ज्वारी घेऊन जा. मामा म्हणतो, ज्वारी मी दुकानातून आणतो. रोख द्या.

मी गप्प बसलो. पण गोष्ट तिथं संपत नाही.

आता थोडं इंजिनाचं ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. आत हवा दाबली जाते, तापते, आणि त्या धगीनं डिझेल आपोआप पेटतं. जुन्या ट्रॅक्टरला वीज लागते ती फक्त सेल्फ मारायला. एकदा चालू झाला की वायरींचा अख्खा गुंता कापून फेका, तो नांगरत राहील. (५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना २०२३ पासून धुराचे नवे नियम लागले, त्यांच्या इंजिनात कॉम्प्युटर बसला. तो खोलायला लॅपटॉप लागतो आणि लॅपटॉप शोरूमवाल्याकडं. मामाची ती वेगळी लढाई आहे.) तर जुना ट्रॅक्टर धक्क्यावर चालू होतो. म्हणून गावोगाव ट्रॅक्टर उतारावर लावलेला दिसतो. बॅटरी मेली तरी चालतंय. म्हणजे मालकाच्या हिशेबात वीज ही चैन. पुढचा दिवा तरी लावतात, कारण तो रस्ता दाखवतो. मागचा दिवा कशाला? मागचा लाल दिवा मालकाला दिसत नाही, ड्रायव्हरलाही दिसत नाही. तो मागून येणाऱ्यासाठी असतो. आणि ट्रॉलीत बसलेल्यांसाठी.

ट्रॉलीत कोण बसतं? आपली माणसं. मांग, महार, वंजारी, पारधी, ज्यांना ज्यांना गावानं पोट दिलं नाही ती सगळी. वर गाठोडी, पत्रे, शेळ्या, कोंबड्या, पोरं. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. रात्रीचा प्रवास.

२०११ ला माझी मावशी, मामाची थोरली बहीण, मागच्या ट्रॉलीत होती. मागून ट्रक आला. त्याला ट्रॉली दिसलीच नाही. मावशी जागेवर गेली, आणखी दोघं गेले. मी तेव्हा बारा वर्षांचा. घरात एवढंच बोललं गेलं, नशीब.

आठ वर्षांनी, २०१९ ला, मी दिवाळीला गेलो होतो. रात्री मामा ट्रॉलीखाली उताणा पडून वायर ओढत होता आणि मी टॉर्च धरली होती. खालूनच बोलला. माझ्याकडं न बघता.

"ताईच्या ट्रॅक्टरचा सेल्फ म्याच भरला व्हता. त्या सांजंलाच. ट्रॉलीचा सॉकेट तुटल्याला बघितला व्हता. इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा मिणमिणायचा. म्हंजे अर्थ तुटल्याला. म्या बोललो न्हाई. मालक घाईत व्हता. मला दीडशे रुपये घ्यायचे व्हते."

मी टॉर्च धरून उभा राहिलो. तुम्ही काय बोलला असतात?

ट्रॉलीची अर्थ ट्रॅक्टरच्या पिनेतून येते असं मानतात. पण पिनेला गंज, चिखल, ग्रीस. करंट जातो कधी, कधी जात नाही. मामा आता वेगळी अर्थची तार टाकतो, पुढून थेट मागच्या दिव्यापर्यंत. आणि त्याचा नियम आहे, मागचे दिवे लागल्याशिवाय ऊसतोडीच्या ट्रॅक्टरचा सेल्फ तो भरत नाही. सरकारचा नियम आहेच, १९८९ पासूनचा, मागं लाल दिवे पाहिजेत, चकाकणारे परावर्तक पाहिजेत. पण सरकार रात्री अकराला लिंबाखाली नसतं.

त्या वर्षी एका मालकाचे सात ट्रॅक्टर निघायचे होते. मामा म्हणाला, आधी दिवे. मालक म्हणाला, "तुला सेल्फ भरायला बोलावलंय, शहाणपण शिकवायला न्हाई." मामानं पेटी बंद केली. दुसऱ्या दिवशी गावात ठरलं, मिस्तरीला बोलवायचं नाही. सभा नाही, ठराव नाही, काही नाही. फोन वाजायचा बंद झाला, बस्स. आठ-दहा गावांत ज्याच्या नावानं किल्ल्या टाकल्या जायच्या, तो सतरा दिवस घरी बसून होता. ऐन हंगामात.

इथं मला टेस्ट लॅम्पचं सांगायचंय. मामाचा टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरात एक बल्ब आणि दोन वायरी. तो म्हणतो, बल्ब पेटला म्हणून तार चांगली असं समजू नको. आत केसाएवढा एक धागा शिल्लक असला तरी बल्ब पेटतो. सेल्फ मारताना दोन-तीनशे अँपिअर ओढला जातो, तेव्हा तो धागा टिकतो का ते बघ. लोड टाकून बघ. गावाचा मामावर विश्वास आहे, असं मी मघाशी म्हणालो. बल्ब पेटतो, मी स्वतः बघितलाय. लोड टाकला त्या रात्री काय झालं तेही बघितलंय.

तालुक्याहून दुसरा मिस्तरी आणला. त्यानं सेल्फ भरले, पैसे घेतले, गेला. टोळ्या निघायच्या रात्री मामा तिथं गेला. पेटी घेऊन. कुणी बोलावलं नव्हतं. मी सोबत होतो, आणि खरं सांगतो, माझी फाटली होती. मामा मालकाशी एक शब्द बोलला नाही. ट्रॉल्यांजवळ गेला आणि चढणाऱ्या बायकांना म्हणाला, "माय, ह्या गाडीला मागं दिवा न्हाई. माझी भन अशाच गाडीत मेली."

सगळ्या बसून राहिल्या असं झालं नाही. उचल घेतलेली असते, पैसे खर्च झालेले असतात, कुठल्या तोंडानं बसून राहणार? पण एक म्हातारी खाली उतरली. नातवाला काखेत घेऊन बांधावर बसली आणि म्हणाली, दिवा लाव, मग चढते. तिच्यामागं आणखी चार-पाच उतरल्या. मुकादम ओरडला, आईबहीण काढली. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. शेवटी मालकानं मान हलवली. सातातल्या दोन ट्रॅक्टरांचे दिवे त्या रात्री लागले. पाच तसेच गेले. त्या हंगामात त्यांना काही झालं नाही, सगळी माणसं परत आली. मालक अजून ते मामाला ऐकवतो.

दोन ट्रॅक्टरांचे दर मामानं त्याच रात्री रोख मागून घेतले. रात्रीच्या दरानं.

फोन पुढं सुरू झाला. उन्हाळ्यात त्याच मालकाचा ट्रॅक्टर कॅनॉलच्या चारीत अडकला, तालुक्याचा मिस्तरी रात्री यायला तयार होईना, मग आठवण झाली. मामा गेला. मी फोनवर चिडलो, म्हणालो, कामून गेलास? म्हणाला, "जाताना दोन लाल बल्ब खिशात घातले व्हते. आधी ते लावले."

आता माझं एक काम आहे, ते सांगतो आणि बसतो. मामाला ह्या दिवाळीआधी चकाकणारी लाल पट्टी हवी आहे, ट्रॉलीच्या मागं चिकटवायची. बॅटरी मेली, वायर तुटली, तरी मागच्या गाडीच्या उजेडात ती चमकते. त्यानं सांगितलंय वीस रोल. मी रविवारी सकाळी कुर्ल्याला गाड्यांच्या स्पेअरपार्टच्या बाजारात जाणार आहे. माझ्याकडं सात रोलांचे पैसे आहेत. डबा इथं टेबलावर ठेवतो.