व्यायाम आणि नाडीची संथ गति

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला बहुधा ६० ते १०० ठोके देते. पण वर्षानुवर्षें धावण्याचा किंवा पोहण्याचा कसून सराव करणाऱ्यांची नाडी पुष्कळदा ५० च्या, क्वचित् ४० च्याहि खालीं आढळते. हा आंकडा ऐकून घरांतील वडील माणसें घाबरतात आणि तरुण मंडळी त्याची प्रौढी मिरवितात. दोघांचीहि घाई होते!

हिशेब पाटीवर मांडण्याइतका सोपा आहे. विश्रांतीच्या वेळीं शरीराला मिनिटास सुमारें ५ लिटर रक्त लागतें. हृदयानें एका ठोक्यास ७० मिलिलिटर रक्त पुढें ढकललें, तर ७० ठोक्यांत तें काम उरकतें. नियमित व्यायामानें शरीरांतील रक्त वाढतें, हृदयाचा डावा कप्पा अधिक भरतो, आणि प्रत्येक ठोक्यास १०० मिलिलिटर रक्त बाहेर पडूं लागलें कीं ५० ठोके पुरतात.

परंतु ठोके कमी करावयास हृदयाला सांगतें कोण? उजव्या वरच्या कप्प्यांतील एक लहानसें केंद्र ठोक्यांची लय ठरवितें, आणि मेंदूकडून येणारा व्हेगस नांवाचा मज्जातंतु त्यास लगाम घालतो. फार दिवस सारें श्रेय या लगामालाच मिळे. २०१४ सालीं मँचेस्टर येथील संशोधकांनीं व्यायाम करविलेल्या उंदरांत त्या केंद्राच्या पेशींतच फरक पडतो असें दाखविलें. वाद अद्याप मिटलेला नाहीं. मला तर दोहोंचाहि वाटा असावा असें वाटतें.

माझ्या वयाच्या मंडळींनीं ऐकण्याजोगा प्रयोग मात्र अमेरिकेंतील डॅलसचा. तेथें १९६६ सालीं पांच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवलें. तेवढ्यानेंच त्यांची विश्रांतीची नाडी जलद झाली आणि हृदयाची शक्ति घटली. पुढें आठ आठवड्यांच्या व्यायामानें ती भरून निघाली. तीस वर्षांनीं, पन्नाशी गांठलेल्या त्याच पांच जणांकडून सहा महिने बेताबेतानें चालणें, धावणें, सायकल चालविणें असा व्यायाम करविला, तेव्हां त्यांची विश्रांतीची नाडी पुन्हां विशीतल्या मूळ आंकड्यावर आली!

नाडी मोजावयाची ती सकाळीं, अंथरूण सोडण्यापूर्वीं, चहाच्या आधीं. रक्तदाबावरील कांहीं गोळ्यांनींहि ती मंदावते. तें व्यायामाचें फळ नव्हे. आणि मंद नाडीबरोबर घेरी येत असेल, दम लागत असेल, तर आंकडा न मिरवितां त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.