चार दिवस घरी जाताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गणपती पंधरा दिवसांवर आले की आमच्या वृद्धाश्रमाच्या कार्यालयात एक लांबट वही टेबलावर येते. बाहेर जाण्याची नोंदवही. कोण जाणार, कुणाबरोबर जाणार, किती दिवस आणि परत कधी, एवढे चार रकाने. एरवी महिन्याला चार-पाच नावं असतात. भाद्रपदात आणि दिवाळीत मात्र पानंच्या पानं भरतात. वहीत नाव चढलं की माणसाची चाल बदलते. एक आजी नातीसाठी वर्षभर साठवलेल्या नाण्यांची पुरचुंडी उशीखालून काढून पुन्हा पुन्हा मोजतात. एक आजोबा तीन दिवस आधीच पिशवी भरून दारात ठेवतात.

मी शासकीय रुग्णालयात परिचारिका होते. निवृत्तीनंतर या आश्रमात आले. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते या चार दिवसांबद्दल. आश्रमात राहणारं आपलं माणूस सणाला, लग्नकार्याला, नाहीतर नुसतंच चार दिवस घरी आणायचं, तर ते सुखरूप कसं आणायचं आणि सुखरूप परत कसं पोचवायचं, याबद्दल.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

2016 सालचे गणपती. आमच्याकडचे एक आजोबा, वय अठ्ठ्याहत्तर, मुलाकडे निघाले होते. मुलगा गाडी घेऊन आला, घाईत होता. मी त्याच्या हातात गोळ्यांची पिशवी दिली आणि तोंडी सांगितलं, 'ही सकाळची, ही रात्रीची, ही जेवणाआधीची.' तो 'हो सिस्टर, हो सिस्टर' म्हणाला. मलाही वाटलं, शिकलेला मुलगा आहे, कळलं असेल.

चतुर्थीच्या दिवशी सकाळी आठ वाजता सुनेनं आठवणीनं मधुमेहाची गोळी दिली. आजोबांनी गुपचूप घेतली. आश्रमात ही गोळी दिली की पाठोपाठ नाश्त्याची ताटली समोर येते. घरी मात्र पूजा झाल्याशिवाय कुणी खाणार नव्हतं. गुरुजींना त्या दिवशी दहा घरं. ते उगवले दीड वाजता. पूजा, आरती, नैवेद्य होईपर्यंत अडीच झाले. आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. 'दमलेत, झोपू दे त्यांना,' असं घरातली माणसं म्हणाली. शेजारच्या बाई आरतीला आल्या होत्या. त्यांनी प्रसादासाठी आजोबांचा हात धरला, तर हात थंडगार आणि सदरा घामानं भिजलेला. हाक मारली तर ओ नाही.

रुग्णालयात वेळेवर पोचले म्हणून आजोबा वाचले. दोन दिवस तिथेच काढावे लागले.

काय झालं होतं ते सांगते, कारण हे अनेक घरांत होऊ शकतं. मधुमेहाच्या काही गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. गोळी पोटात गेली आणि अन्न गेलं नाही, तर रक्तातली साखर उतरत जाते. ती सत्तरच्या खाली गेली की धोक्याची खूण. तरुण माणसाला अशा वेळी थरथर सुटते, भूक लागते, तो ओरडून सांगतो. म्हाताऱ्या माणसात या खुणा पुसट असतात. तो नुसता गप्प होतो, असंबद्ध बोलतो, पेंगतो. पाहणाऱ्याला वाटतं, वयामुळे असेल. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, कमीच असेल तर पुन्हा द्यावी आणि मग खायला घालावं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जातं. 108 वर फोन करावा. आणि बरं वाटलं म्हणून तिथेच थांबू नये. या गोळ्यांचा अंमल पुष्कळ तास टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते. डॉक्टरांना दाखवावंच.

यात सुनेची चूक नव्हती. तिनं गोळी वेळेवर दिली होती. 'खाणं समोर असेल तेव्हाच गोळी' हे एक वाक्य मी लिहून द्यायला हवं होतं. ते मी दिलं नव्हतं.

त्यानंतर आमच्या व्यवस्थापक मंडळाची बैठक झाली. सूचना आली की यापुढे मधुमेह, हृदयविकार आणि विस्मरण असलेल्यांना बाहेर पाठवू नये. मी हिशेब केला, तर आश्रमात जाण्यासारखे उरत होते सहाजण. मी म्हटलं, मग आपण आश्रम चालवत नाही, कोंडवाडा चालवतो. ही माणसं इथे राहायला आली आहेत, शिक्षा भोगायला नाही. पाठवायचं की नाही, हा प्रश्नच चुकीचा आहे. पाठवण्यासाठी आपण काय करायचं, असं विचारा. बरीच वादावादी झाली. शेवटी मंडळानं मानलं, आणि वहीतल्या चार रकान्यांना एक छापील कागद जोडला गेला.

तो कागद तुम्हीही तयार करू शकता. तुमचं माणूस ज्या आश्रमात आहे तिथे असा कागद मिळत नसेल, तर मागून घ्या.

त्यात पहिली औषधं. नुसती नावं नव्हेत. कोणती गोळी किती वाजता, खाण्याआधी की नंतर, आणि चुकली तर काय करायचं. चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन द्यायच्या नाहीत, हे ठळक अक्षरांत. कंपवाताच्या गोळ्या तासाच्या हिशेबानं चालतात. 'जरा जेवण होऊ दे, मग देऊ' म्हटलं की माणूस जागच्या जागी आखडतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर अंगदुखीसाठी घरातली वेदनाशामक गोळी परस्पर देऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. असा माणूस पडला आणि डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसलं नाही तरी रुग्णालयात न्यावं. इन्सुलिन थंड ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. आता आम्ही गोळ्या दिवसांप्रमाणे पाकिटांत भरून देतो, वर वेळ लिहितो. घरच्यांनी एक करावं: आजोबांच्या जुन्या पेटीत, कपाटात मागच्या वेळच्या गोळ्या उरल्या आहेत का, ते आधीच बघावं. सुनेनं एक दिली आणि स्वतःही एक घेतली, असंही घडतं.

दुसरं खाणं. सणाचं ताट म्हाताऱ्या माणसाला नाकारू नये. त्यासाठीच तर ते घरी येतात. पण गिळायला त्रास असेल तर कोरडा चिवडा, लाडवाचा मोठा घास, चिकट मोदक घशात अडकतो. मोदक कुस्करून, तूप घालून, छोट्या घासानं द्यावा, आणि बसवून द्यावा, पडल्या पडल्या नाही. हृदयविकार असलेल्यांना पापड, लोणचं, फरसाण यांतलं मीठ बाधतं. चार दिवसांनी पायाला सूज आणि धाप घेऊनच ते परततात.

तिसरं घर. वृद्धाश्रमात कमोड असतो, भिंतीला दांडी असते, उंबरठे नसतात. तुमच्या घरी हे सगळं असेलच असं नाही. मुलांना वाटतं, बाबा चाळीस वर्षं या घरात राहिले, त्यांना काय सांगायचं! पण घर आठवणीत असतं आणि गुडघे आजचे असतात. रात्री लघवीला उठताना अंधारात उंबरठा लागतो. ओल्या न्हाणीघरात पाय सरकतो. तेव्हा रात्री छोटा दिवा चालू ठेवा. सतरंजी, पायपुसणी गुंडाळून ठेवा. खाली गादीवर झोपवू नका, खाटेवर झोपवा. घरात कमोड नसेल तर मधोमध भोक असलेली कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते. उठताना आधी मिनिटभर काठावर बसायचं, मग उभं राहायचं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठलं की घेरी येते.

चौथं, विस्मरण. एका आजींना त्यांच्या भावानं कोकणातल्या मूळ गावी नेलं. पहाटे साडेपाचला अंथरूण रिकामं. आजी विहिरीवर पाणी भरायला निघाल्या होत्या. ती विहीर कधीच बुजवली गेली होती. पण भावानं आमच्या सांगण्यावरून आदल्या दिवशी आळीत चार घरी सांगून ठेवलं होतं, आणि आजींच्या पोलक्याच्या खिशात नाव, फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी होती. देवळाजवळ एका दूधवाल्यानं त्यांना ओळखलं. 'आक्का, चला, चहा घ्या आधी,' म्हणत हाताला धरून घरी आणलं. आपल्याकडे घरातलं विस्मरण शेजाऱ्यांपासून लपवायची रीत आहे. इथे ती लाज जिवावर बेतते. अशा माणसाला संध्याकाळी जास्त बेचैनी येते. त्या वेळी पाहुण्यांची गर्दी, मोठा आवाज टाळावा, ओळखीचं एक माणूस जवळ असावं.

प्रवासाचंही थोडं सांगते. 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून आमचे काही आजोबा 'मी एकटाच जाईन' म्हणू लागले. जाऊ द्यावं, झेपत असेल तर. पण औषधं वरच्या फळीवरच्या पिशवीत नकोत, खांद्याच्या पिशवीत हवीत. पाणी कमी प्यायचं, म्हणजे वाटेत अडचण नको, ही खोड सोडवावी. लघवीची नळी असेल तर पिशवी कमरेच्या खाली राहिली पाहिजे, नळीला पीळ पडता कामा नये. जे स्वतः कूस बदलू शकत नाहीत, त्यांच्यासाठी वाटेत थांबून बसण्याची जागा बदलावी, नाहीतर माकडहाडाशी जखम होते.

आणि कागदावरचा शेवटचा प्रश्न, जो खरं तर पहिला असायला हवा: 'तुम्हाला जायचं आहे का?' हा प्रश्न मी मुलाला विचारत नाही, आजींना विचारते, आणि मुलगा खोलीत नसताना विचारते. एका आजींनी दरवर्षी 'पाय दुखतात' सांगून जाणं टाळलं. एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, 'अहो सिस्टर, तिथे मला हॉलमध्ये झोपवतात. रात्री कपडे ओले झाले तर सकाळी सगळ्यांच्या देखत उठायचं.' मी मुलीला फोन केला. तिला याची कल्पनाच नव्हती. त्या वर्षी आतल्या खोलीत खाट पडली. आजी गेल्या, आणि दोनाऐवजी पाच दिवस राहिल्या. असंही होतं की कुणाला खरोखरच जायचं नसतं. त्यांचं 'नाही'ही ऐकलं पाहिजे.

परत आल्यावरचा दिवसही विसरू नका. पिशवीतल्या गोळ्या मोजतो, वजन करतो, पाय, पाठ बघतो. घरच्यांनी काय झालं ते खरं सांगावं. 'एकदा पडल्या होत्या, पण काही लागलं नाही,' हे वाक्य लपवू नये. रागावण्यासाठी आम्ही विचारत नाही. आणि त्या संध्याकाळी माणूस गप्प असतो, त्याला गप्प राहू द्यावं. कुणीतरी शेजारी बसावं, एवढंच.

2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे आश्रमांची दारं बंद झाली. पुढे वर्षभराहून अधिक काळ ही वही टेबलावर आलीच नाही. औषधं वेळेवर होती, जेवण वेळेवर होतं, पडणं-झडणं कमी झालं होतं. कागदावर सगळे सुरक्षित होते. पण नाण्यांची पुरचुंडी मोजणाऱ्या आजींनी मोजणं सोडून दिलं होतं. तेव्हा मला मंडळाची ती बैठक फार आठवली.

त्या आजोबांचं पुढे काय झालं, ते सांगून थांबते. रुग्णालयातून आल्यावर त्यांनी घरी जायचं नाव टाकलं. 'माझ्यामुळे त्यांचा सण नासला,' म्हणायचे. 2017 ला गेले नाहीत. जिवावरचं दुखणं बरं झालं होतं, पण हे राहिलं होतं. 2018 ला श्रावणात सून स्वतः आली. कागद मागून घेतला, माझ्यासमोर बसून एकेक ओळ वाचली, शंका विचारल्या. मग आजोबांकडे वळून म्हणाली, 'बाबा, या वर्षी तुमची ताटली आधी. बाप्पा थांबेल.'

चतुर्थीला सकाळी सव्वाआठला माझा फोन वाजला. पलीकडून आजोबाच बोलत होते. 'सिस्टर, उपमा खाल्ला. मग गोळी घेतली. गुरुजी अजून आलेले नाहीत.'

मी वहीत त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि पुढच्या नावाला फोन लावला.