'ग्रेसलँड'चा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. संगीताचा मी जाणकार नाही, हे आरंभीच मान्य करतो. परंतु मागील अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने विचारले होते की, अमाप खपलेल्या गीतसंग्रहाचा समाजाच्या सांस्कृतिक जीवनावर काही टिकाऊ परिणाम होतो काय, की साबणाच्या वडीप्रमाणे तोही वापरून संपणारा माल असतो? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी एकाच संग्रहाच्या आधारे शोधणार आहे. अमेरिकन गायक पॉल सायमन यांचा 'ग्रेसलँड' ऑगस्ट 1986 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या आणि पुढच्याच वर्षी त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाचा ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. परंतु खप म्हणजे परिणाम नव्हे.

या संग्रहातील बहुतांश संगीत दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांचे आहे. त्यांच्या संगीताची एक कॅसेट ऐकून सायमन फेब्रुवारी 1985 मध्ये जोहान्सबर्गला गेले आणि तेथील वादकांसह त्यांनी ध्वनिमुद्रण केले. त्याच वर्षी जुलैत तेथील गोऱ्या सरकारने देशाच्या अनेक भागांत आणीबाणी पुकारली आणि जून 1986 मध्ये ती देशभर लागू केली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 1980 मध्येच सदस्य राष्ट्रांना आणि कलावंतांना दक्षिण आफ्रिकेशी सांस्कृतिक संबंध तोडण्याचे आवाहन केले होते. हॅरी बेलाफॉन्टे यांनी सायमन यांना सल्ला दिला की, जाण्यापूर्वी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसशी बोला. सायमन बोलले नाहीत. आपण तेथे गोऱ्यांपुढे गायला जात नाही, सन सिटीचे निमंत्रण आपण नाकारलेले आहे, कृष्णवर्णीय वादकांसह काम करण्यासाठी कोणत्या पक्षाची परवानगी कशाला, अशी त्यांची भूमिका होती.

बहिष्कार हा विषय आपल्या पिढीला परका नाही. 1946 मध्ये, स्वतःचे स्वातंत्र्य अजून पदरात पडायचे असताना, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. 1974 मध्ये आपला टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला, प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका होता आणि भारताने खेळण्यास नकार देऊन चषक सोडून दिला. मी तेव्हा शाळेत होतो. मला हळहळ वाटली आणि अभिमानही वाटला. तेव्हा सायमन यांनी बहिष्काराची रेषा ओलांडली, हे ऐकल्यावर माझा पहिला कल कोणत्या बाजूला गेला असेल, हे सांगावयास नको.

तथापि प्रकरण इतके सरळ नव्हते. एप्रिल 1987 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 'ग्रेसलँड'चे प्रयोग झाले, तेव्हा बाहेर जेरी डॅमर्स, बिली ब्रॅग आणि पॉल वेलर हे डाव्या विचारांचे इंग्रज गायक निषेध करीत होते. आत रंगमंचावर कोण होते? मिरियम माकेबा आणि ह्यू मासेकेला. दोघेही 1960 पासून मायदेशाला पारखे झालेले, वर्णद्वेषाविरुद्ध जगभर आवाज उठविणारे कलावंत. ज्यांच्यासाठी बहिष्कार, तेच आत गात आहेत आणि त्यांचे कैवारी बाहेर उभे आहेत! दक्षिण आफ्रिकी वादकांचे म्हणणे असे होते की, आम्ही या राजवटीचे बळी आहोतच, आता आमचा आवाजही तुम्ही अडविणार काय? याला आमच्या चळवळींनी त्या वेळी समाधानकारक उत्तर दिले नाही, असे माझे मत आहे.

आता मोबदल्याकडे वळतो. सायमन यांनी जोहान्सबर्गच्या वादकांना न्यूयॉर्कच्या संघटित वादकांच्या तिप्पट दराने पैसे दिले, ही गोष्ट त्यांचे समर्थक अगत्याने सांगतात. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे थांबत नाही. मजुरी कितीही चढी असली तरी ती मजुरीच. खरा प्रश्न मालकीचा आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. 1939 मध्ये जोहान्सबर्गच्या एका स्टुडिओत सॉलोमन लिंडा नावाच्या झुलू गायकाने 'म्बुबे' हे गीत ध्वनिमुद्रित केले आणि त्याचे हक्क दहा शिलिंगांना विकले. तीच चाल इंग्रजी शब्दांसह 1961 मध्ये अमेरिकेत गाजली, 1994 मध्ये डिस्नेच्या 'द लायन किंग' चित्रपटात शिरली. लिंडा 1962 मध्येच दारिद्र्यात वारले होते. त्यांच्या मुलींना न्यायालयात दावा लावून 2006 मध्ये तडजोडीने वाटा मिळाला. ही गायकी खाणींकडे आणि कारखान्यांकडे आलेल्या झुलू मजुरांच्या वसतिगृहांत वाढली. घरदार गावी ठेवून आलेले पुरुष शनिवारी रात्री गटाने गात. आपल्या गिरणगावातील भजनी मंडळांची आठवण मला येथे झाल्याशिवाय राहत नाही. 'ग्रेसलँड'मध्ये गाणारा 'लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो' हा संच त्याच परंपरेतला. सायमन यांनी त्यांना शोधून काढले, हा समज खोटा आहे. जोसेफ शबालाला यांचा हा संच 1970 च्या दशकातच आपल्या लोकांत प्रसिद्ध होता.

फरक कोठे पडला, तर करारपत्रात. 'ग्रेसलँड'मधील अकरापैकी पाच गीतांवर शबालाला, फोरेरे मोत्लोहेलोआ आदी आफ्रिकी सहरचनाकारांची नावे आहेत, म्हणजे विक्रीत त्यांचा कायमचा हिस्सा आहे. लिंडांच्या दहा शिलिंगांपुढे हे अंतर मोठे आहे. पण हिशेब पुरता चुकता झाला असेही नाही. शीर्षकगीतात रे फिरी यांची गिटार पदोपदी ऐकू येते, तेथे रचनाकार म्हणून सायमन एकटेच. अखेरचे गीत वस्तुतः आमचे, अशी जाहीर तक्रार पूर्व लॉस एंजेलिसच्या 'लॉस लोबोस' या संचाच्या सदस्याने केली. कॅलिफोर्नियातील वादकांनाही ही तक्रार करावी लागली, हे ध्यानात घ्या. आपल्याकडे तरी काय होते? चित्रपटांच्या गीतकार-संगीतकारांचा मानधनापलीकडील हक्क कराराने काढून घेता येणार नाही, असे कायद्यात यायला 2012 साल उजाडावे लागले.

टिकाऊ परिणामांपैकी एक दुकानदारीचा आहे. 1987 मध्ये लंडनच्या एका मद्यगृहात काही छोट्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांची माणसे जमली आणि दुकानात परदेशी संगीत कोणत्या फळीवर ठेवायचे, या अडचणीतून त्यांनी 'वर्ल्ड म्युझिक' हे नाव पक्के केले. 'ग्रेसलँड'च्या यशाने या फळीला गिऱ्हाईक मिळाले. अनेक कलावंतांची त्यातून उपजीविका झाली, हे नाकारू नये. पण झुलू मजुराचे समूहगान आणि आपली कव्वाली एकाच फळीवर, आणि इंग्रजी गाणे तेवढे नुसते 'संगीत', ही वाटणी कोणाच्या दृष्टीतून झाली, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरा परिणाम मला अधिक मोलाचा वाटतो. संग्रहाच्या शब्दांत वर्णद्वेषी राजवटीचा नामोल्लेखही नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु ज्यांनी सोवेटोतील कृष्णवर्णीयांना केवळ पोलिसांच्या लाठीखाली पाहिले होते, अशा असंख्य घरांत त्या समाजाची कला पोचली. शबालाला यांचा संच 1993 मध्ये नेल्सन मंडेला नोबेल पारितोषिक स्वीकारण्यास ओस्लोला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर होता, पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या शपथविधीलाही तो गायला.

म्हणून सायमन निर्दोष ठरतात काय? मला तसे वाटत नाही. वादकांची संमती त्यांनी घेतली, चळवळीची घेतली नाही. बहिष्कार हे सामुदायिक शस्त्र आहे. प्रत्येक सज्जनाने आपल्यापुरता अपवाद काढला, तर ते बोथट होते. आमची चूक अशी की, राजवटीला मिरविण्यास उपयोगी पडणारा कार्यक्रम आणि त्या राजवटीने दडपलेल्यांचे गाणे यांत आम्ही वेळीच भेद केला नाही. सांस्कृतिक बहिष्कार उठल्यावर, जानेवारी 1992 मध्ये, सायमन तेथे गायला गेले. मंडेलांनी त्यांचे स्वागत केले, तरी कार्यक्रमाशी संबंधित कार्यालयावर हातबॉम्ब टाकले गेले. इतका तो प्रश्न तेव्हाही जळता होता.

2012 च्या एका माहितीपटात सायमन आणि दाली टांबो समोरासमोर बसलेले दिसतात. टांबो हे वर्णद्वेषविरोधी कलावंतांच्या संघटनेचे एक संस्थापक, ऑलिव्हर टांबोंचे चिरंजीव. दोघे आपापली बाजू पुन्हा मांडतात, आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. मुद्द्यावर मात्र मला टांबोच बरोबर वाटले, आणि माहितीपट संपल्यावर मी शबालाला यांचे गाणे पुन्हा लावले.