शाळेचे मंडळ आणि आपले मत
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलायला मला बोलावलेत, हा तुमचा लोभ. मी व्याख्याती नव्हे. पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, शेवटची काही वर्षे मुख्याध्यापकीण होते, आणि २०१४ साली निवृत्त झाले. तेव्हा बोलणे जरा वर्गातल्यासारखे झाले तर सांभाळून घ्या. चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, शाळेच्या मंडळाची निवडणूक. त्या थोड्या हिरमुसल्या. हळदीकुंकवाच्या दिवशी निवडणूक कशाला, असे त्यांच्या मनात आले असावे. पण तुमच्यापैकी निम्म्याजणींची मुले-नातवंडे शाळेत आहेत आणि येत्या शनिवारी शाळेत पालकसभा आहे. म्हणून आजच हा विषय काढला.

आधी माझीच एक चूक सांगते.

मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि दुर्बल व वंचित घरांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असावी, असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. कायदा उत्तम. आता मी काय केले ते ऐका. २०१२ साली आमच्या शाळेत समिती करायची होती. सभेच्या आदल्या रात्री मी घरी बसून नावांची यादी लिहिली. कोण सह्या वेळेवर देईल, कोण वाद घालणार नाही, कोणाच्या घरी ट्रॅक्टर आहे, असा सगळा हिशेब करून. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात सतरंजी टाकली, यादी वाचली, "कुणाची हरकत आहे का?" म्हणून विचारले. कोणी बोलले नाही. दहा मिनिटांत सभा आटोपली आणि चहा झाला. समितीत बायका निम्म्या होत्या, कायदा पाळलेला होता. त्यांतल्या दोघी सभेला आल्याच नव्हत्या. एकीला तर आपण सभासद झाल्याचे पुढे आठवड्याने तिच्या नवऱ्याकडून कळले. सभांना तोच यायचा, "मिसेसच्या वतीने".

त्या दिवशी सतरंजीच्या कडेला वीटभट्टीवरच्या वस्तीतली एक बाई बसली होती. तिच्या दोन मुली आमच्याकडे होत्या. मुलींच्या मुतारीला पाणी नव्हते, म्हणून थोरली वर्गात येईनाशी झाली होती. बाई दोनदा उठून उभी राहिली, दोनदा बसली. मी पाहिले, पण मला घाई होती. चहा झाल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, मला मत होतं का?"

मी "हो" म्हटले. ती म्हणाली, "मग ते कधी झालं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. थोरलीने पुढच्या वर्षी शाळा सोडली. निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला तेव्हा मी वाचू लागले, की शाळेच्या मंडळाची निवडणूक जगात इतरत्र कशी होत असे, आणि मागच्या रांगेतल्या बाईचे मत तिथे कसे मोजले जाई. वाचताना जे सापडले त्यातले थोडे आज सांगते.

इंग्लंडात १८७० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. तोवर गरिबांच्या शाळा बहुतेक चर्चच्या हाती होत्या आणि त्या पुऱ्या पडत नव्हत्या. जिथे शाळा कमी तिथे लोकांनी निवडून दिलेले स्कूल बोर्ड असावे, त्याने कर बसवावा आणि शाळा बांधाव्यात, असे ठरले. पण लगेच भांडण उभे राहिले. एका गावात एका पंथाचे लोक जास्त, दुसऱ्याचे कमी. ज्यांची संख्या जास्त तेच सगळ्या जागा घेणार, मग उरलेल्यांच्या मुलांना धर्म कोणी आणि कोणता शिकवायचा? यावर तोडगा म्हणून त्यांनी मतदानाची एक निराळी तऱ्हा काढली. मंडळावर जितक्या जागा, तितकी मते प्रत्येक मतदाराला. ती वाटून द्या, नाहीतर सगळीच्या सगळी एकाच उमेदवाराला द्या.

नुसते सांगून हे समजायचे नाही. म्हणून मी घरून चिंचोके आणले आहेत. (येथे सभेत प्रयोग करून दाखविला.) आपण तीसजणी घेतल्या. समजा एकवीसजणी वरच्या आळीतल्या, नऊजणी खालच्या आळीतल्या. जागा तीन. आधी नेहमीच्या रीतीने पाहू. प्रत्येकीने तीन वाट्यांत एकेक चिंचोका टाकायचा, एका वाटीत दोन टाकायचे नाहीत. वरच्या आळीच्या तिन्ही उमेदवारांना एकवीस-एकवीस पडले आणि खालच्या आळीच्या बाईला नऊ. तिन्ही जागा वरच्या आळीच्या. दहा वर्षे निवडणूक घेतली तरी खालच्या आळीला एकही जागा मिळायची नाही, आणि कोणी लबाडीही केलेली नसेल.

आता १८७० च्या रीतीने. खालच्या आळीच्या नऊजणींनी आपले तिन्ही चिंचोके एकाच वाटीत टाकले. सत्तावीस व्हायला हवे होते, सव्वीस भरले. एक चिंचोका कोपऱ्यातल्या बाळाच्या मुठीत सापडला! असो. वरच्या आळीने तीन वाट्यांत वाटून टाकले, प्रत्येकीत एकवीस. म्हणजे खालच्या आळीची बाई पहिली आली, आणि वरच्या आळीला आपल्या तिघींपैकी कोण गळणार यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. पाहिलेत? दोन जागा त्यांच्या, एक यांची. संख्येच्या मानाने हे न्याय्य आहे, नाही का?

आता या प्रकाराने तिथे काय घडले ते ऐका. लंडनच्या बोर्डावर एकोणपन्नास जागा होत्या. २९ नोव्हेंबर १८७० ला पहिली निवडणूक झाली. कर भरणाऱ्या बाईला मत होते, म्हणजे मुख्यतः विधवेला नाहीतर अविवाहितेला. नवऱ्याच्या नावावर घर असलेल्या सौभाग्यवतीला बहुधा नव्हतेच. पण उभे राहायला बायकांना मोकळीक होती. पार्लमेंटचे मत इंग्लंडातल्या बायकांना मिळाले १९१८ साली, तेही तिशीच्या वरच्यांना. शाळेच्या दाराने त्या अठ्ठेचाळीस वर्षे आधी आत आल्या.

मेरिलेबोन भागातून डॉ. एलिझाबेथ गॅरेट उभ्या राहिल्या. वय चौतीस. इंग्लंडात शिकून-झगडून डॉक्टरकीचा परवाना मिळवणाऱ्या त्या बाई. गरीब बायकांसाठी दवाखाना चालवीत. त्या दवाखान्यात ज्यांच्या बायका औषधाला जात, ते मजूरच त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, तुम्ही उभ्या राहा. त्यांना ४७,८५८ मते पडली, साऱ्या लंडनात सर्वांत जास्त. त्याच भागात दुसरे आले ते टी. एच. हक्सली, नामांकित शास्त्रज्ञ, आणि त्यांना तेरा हजारांच्या वर. ग्रीनिचमधून एमिली डेव्हिस निवडून आल्या, मुलींचे कॉलेज काढणाऱ्या. त्याच वर्षी मँचेस्टरच्या बोर्डावर लिडिया बेकर आल्या. आणि लंडन बोर्डाचे पहिले अध्यक्ष कोण म्हणाल? लॉर्ड लॉरेन्स, आदल्याच वर्षी आपल्याकडची व्हाइसरॉयकी संपवून गेलेले.

पुढे १८८८ साली लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स या गरीब वस्तीतून ॲनी बेझंट पहिल्या क्रमांकाने निवडून आल्या. होय, त्याच, नंतर आपल्याकडे येऊन काशीला शाळा काढणाऱ्या आणि १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या. उपाशी पोरांना धडे कसले देता, आधी जेवण द्या, हा त्यांचा बोर्डातला आग्रह. आपल्या शाळेतली खिचडी पाहिली की मला त्यांची आठवण येते.

मात्र चिंचोके अकलेने टाकावे लागतात. बर्मिंगहॅममध्ये १८७० साली पंधरा जागा होत्या. लिबरल पक्षाला आपल्या बळाची इतकी खात्री, की त्यांनी पंधराच्या पंधरा उमेदवार उभे केले. मते जास्त मिळूनही ती पंधरा वाट्यांत पातळ झाली आणि सहाच निवडून आले. चर्चच्या बाजूने आठच उभे केले, ते आठही आले. उरलेली जागा कॅथलिकांच्या एका धर्मगुरूंनी घेतली. त्यांच्या लोकांनी सगळी मते त्यांनाच देऊन त्यांना सर्वांत वर नेऊन बसवले. पुढच्या वेळी, १८७३ साली, लिबरलांनी शहाणपण शिकून बहुमत मिळवले. आपल्या प्रयोगातही खालच्या आळीने दोघींना उभे केले असते, तर सत्तावीस चिंचोके चौदा-तेरा झाले असते आणि दोघीही पडल्या असत्या. कोणी उभे राहायचे हे आधी आपसात ठरवावे लागते, आणि मैत्रिणींनो, तेच आपल्याला जड जाते!

या अडचणीवर दुसरी रीत आहे, पसंतीक्रमाची. न्यूयॉर्क शहरात १९७० पासून शाळांची विभागवार मंडळे होती, एकेकावर नऊ सभासद. तिथे कागदावर नावांपुढे १, २, ३ असे आकडे घालायचे. तुमची पहिली पसंती सर्वांत मागे पडली तर तुमचे मत फुकट जात नाही, ते दुसऱ्या पसंतीला जाते. आपल्या तीसजणींचेच घ्या. जागा तीन, त्यांत एक मिळवून चार, तिसाला चाराने भागले, अपूर्णांक सोडला, एक मिळवला: आठ. ज्या बाईला आठ मते झाली ती निवडून आली. खालच्या आळीच्या दोघी उभ्या आहेत, एकीला पाच, एकीला चार. चारवाली गळली, तिची चार मते पुढच्या पसंतीने पाचवालीकडे आली, झाली नऊ. भांडण न करता एक जागा आली.

न्यूयॉर्कची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. तिथे मतदानाला नागरिकत्व लागत नसे. मूल शाळेत असले की आईबापांना मत. परदेशातून पोट भरायला आलेल्यांनाही. पण शेवट चांगला झाला नाही, तेही सांगायला हवे. निवडणूक मे महिन्यात, इतर सगळ्या निवडणुकांहून वेगळी. मोजणीला दिवसच्या दिवस लागत. मतदान दहा टक्क्यांच्याही खाली गेले. जिथे थोडेच लोक येतात तिथे नोकऱ्या वाटणारे आधी येतात. १९९९ साली शेवटची निवडणूक झाली, आणि २००२ च्या कायद्याने ती मंडळे मोडायचे ठरले.

इंग्लंडातली बोर्डेही गेली. १९०२ च्या कायद्याने शाळा काउंटीच्या आणि शहरांच्या कौन्सिलांकडे दिल्या. लंडनचे बोर्ड १९०४ साली संपले. त्या कौन्सिलांवर बायकांना निवडून येता येत नव्हते! बत्तीस-तेहतीस वर्षे ज्यांनी शाळा चालवल्या त्यांना आता नेमणुकीने समितीत बसवून घ्यावे लागे. कौन्सिलांचे दार उघडले १९०७ साली.

आपल्याकडेही स्कूल बोर्डे होती. माझ्या लहानपणी जुनी माणसे "बोर्डाची शाळा" म्हणत, ती त्यावरूनच. पण १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यातली बोर्डे लोकल बोर्डाचे, नगरपालिकेचे सभासद निवडीत. आईबापांनी थेट नव्हे. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्ह्यांची बोर्डे त्यांच्यात गेली. म्हणजे शाळेच्या कारभारात आईला स्वतःचे म्हणून स्थान कायद्याने मिळाले ते या समितीत. आणि ते मी २०१२ साली सतरंजीवर दहा मिनिटांत उरकले.

आता शनिवारचे. मुख्याध्यापकांना मी आधीच भेटले आहे. ते भले गृहस्थ आहेत, पण घाईत आहेत, मी होते तशाच. हात वर करून मत घेऊ नका, एवढेच मी त्यांना विनवले. सासऱ्यासमोर, दिरासमोर, जिच्या शेतावर मजुरीला जातो तिच्यासमोर कोणती बाई हात वर करील? लंडनच्या त्या पहिल्या निवडणुकीतही शहराचा जुना मध्यभाग सोडला तर गुप्त मतदान होते, पार्लमेंटच्या निवडणुकीत ते यायच्या आधी. चिठ्ठ्या कापायला कितीसा वेळ लागतो? सभेने म्हटले तर चिठ्ठ्या घेऊ, असे ते म्हणाले आहेत. म्हणजे सभेत कोणीतरी उठून तसे म्हणायला हवे. एकीने म्हणायचे, पाचजणींनी "बरोबर आहे" म्हणायचे. ती एक कोण, हे आज उठण्याआधी ठरवू.

दुसरे, वस्तीवरच्या बायकांना सभेची वेळ सांगायला कोण जाणार? भट्टीवर दुपारी दोनपर्यंत काम असते आणि सभा अकराला ठेवली आहे. वेळ बदलून चारची करा, असे पत्र मी लिहून आणले आहे. सह्या इथेच होऊ द्या. लिहिता न येणारीने अंगठा दिला तरी चालेल. मी स्वतः उद्या सकाळी वस्तीवर जाते. माझ्याबरोबर दोघीतिघी हव्यात. एकटीने गेले तर त्या मला अजून मुख्याध्यापकीणच समजतात आणि गप्प बसतात.

माझे बोलणे झाले. चिंचोके मात्र मोजून परत द्या. नव्वद आणले होते, आणि शनिवारी वस्तीवरच्या बायकांना हाच खेळ दाखवायचा आहे.